पापणी पडली, पण बाहुलीचे काय?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : माझे बाबा ६१ वर्षांचे असून गोव्यातील डिचोली तालुक्यात मोटारसायकल पायलट म्हणून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून प्रवासी नेण्याचे, काम करतात. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला ते स्टुलावर चढले, वर पाहिले आणि "एकच नारळ दोन दिसतो" असे म्हणाले. त्याआधी दोन दिवस उजव्या भुवईच्या वर दुखत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवी पापणी पूर्ण मिटलेली होती. बोटाने उचलली की बुबुळ बाहेरच्या बाजूला वळलेले दिसते आणि त्यांना पुन्हा दोन-दोन दिसू लागते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून पडदा तपासला, तो ठीक आहे. ते म्हणाले, साखरेमुळे नस सुकली असेल, तीन महिन्यांत बरे होईल. माझे मामेभाऊ फार्मसीत आहेत, ते म्हणतात, लगेच मेंदूचे स्कॅन करा. शेजारच्या वहिनींनी दिश्ट (दृष्ट) काढायला सांगितली आणि गावात सगळे अर्धांगवायू म्हणू लागले आहेत. आम्ही कोणाचे ऐकावे? बाबा गाडी कधी चालवू शकतील? घर त्यांच्याच कमाईवर चालते. — एक मुलगी, डिचोली

स. न. वि. वि.

तुमचे पत्र ज्या दुपारी हाती आले, त्याच दुपारी या सदराचा रिवाज मोडून मी तुम्हाला फोन केला. सदरातले उत्तर छापून यायला आठवडा जातो, आणि पत्रात एक गोष्ट लिहायची राहून गेली होती, जिच्यासाठी आठवडाभर थांबणे मला योग्य वाटले नाही. पापणीबद्दल तुम्ही लिहिले, बुबुळाबद्दल लिहिले, भुवईवरच्या दुखण्याबद्दलही लिहिले. बाहुलीबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. फोनवर तुम्ही विचारलेत, "बुबुळ म्हणजेच बाहुली ना?" आपल्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून आधी ते वेगळे करतो. डोळ्याचा तपकिरी, गोल भाग ते बुबुळ, आणि त्याच्या मध्यभागी असलेले, उजेडात लहान आणि अंधारात मोठे होणारे काळे छिद्र ती बाहुली. बाबांच्या आजारात सर्वांत महत्त्वाची बातमी या छिद्राजवळ असते.

त्या संध्याकाळी तुम्ही त्यांना खिडकीपाशी बसवून, पापणी उचलून, मोबाइलने दोन्ही डोळ्यांचे जवळून फोटो काढलेत, रात्री बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात (गोमेकॉत) गेलात, तिथे रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी झाली आणि मेंदूच्या धमनीत फुगा नसल्याचे कळले. त्यामुळे आज मी निवांतपणे लिहू शकतो. तरीही ती धावपळ का आवश्यक होती, हे सविस्तर सांगतो, कारण मधुमेह असलेल्या माणसाची पापणी पडली की "साखरेमुळे असेल" असे म्हणून थांबणारी घरे पुष्कळ आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. जिथे प्रौढांपैकी दर चौथ्या माणसाला साखर आहे, तिथे प्रत्येक दुखण्याचा दोष साखरेच्या माथी मारणे सोपे असते.

बाबांना जे झाले आहे, त्याला डॉक्टर थर्ड नर्व्ह पाल्सी, म्हणजे तिसऱ्या मज्जातंतूची दुर्बलता, म्हणतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील तिसरा, ऑक्युलोमोटर, मध्यमेंदूच्या पुढच्या बाजूने बाहेर पडतो, दोन धमन्यांच्या मधून वाट काढतो, तिसऱ्या एका धमनीला समांतर पुढे जातो, डोळ्यामागील कॅव्हर्नस सायनस नावाच्या शिरांच्या पोकळीच्या भिंतीतून सरकतो आणि खोबणीच्या फटीतून डोळ्यापर्यंत पोहोचतो. डोळा हलवणारे सहा स्नायू असतात. त्यांपैकी चार याच्या ताब्यात आहेत, शिवाय वरची पापणी उचलणारा स्नायूही याचाच. उरलेल्या दोघांपैकी एक डोळा बाहेर ओढतो आणि दुसरा मुख्यतः खाली व आतल्या अंगाला फिरवतो. या दोघांचे मज्जातंतू वेगळे असल्यामुळे ते शाबूत राहतात, त्यांना विरोध करणारे कोणी उरत नाही आणि बुबुळ बाहेर व किंचित खाली जाऊन थांबते. बाबांना वर पाहतानाच दोन नारळ दिसले, यातही नवल नाही. डोळा वर नेणारे दोन्ही स्नायू तिसऱ्या मज्जातंतूवरच अवलंबून आहेत, आणि माटोळीखाली उभा असलेला माणूस वरच पाहणार. पापणी पूर्ण मिटल्यावर दोन दिसणे थांबले ते बरे वाटल्यामुळे नव्हे. एका डोळ्यावर पडदा पडला, इतकेच.

आता बाहुलीकडे येतो. बाहुली लहान करणारे आणि जवळचे पाहताना नजर जुळवणारे तंतू याच मज्जातंतूबरोबर प्रवास करतात, पण ते त्याच्या गाभ्यात नसून पृष्ठभागाजवळ असतात. मज्जातंतूची कल्पना जाड दोरासारखी करा. त्याच्या आतल्या धाग्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी त्या वर्षानुवर्षे अरुंद होत जातात आणि एखाद्या दिवशी गाभ्याचा रक्तपुरवठा तुटतो. पृष्ठभागावरच्या धाग्यांना वेगळ्या वाहिन्यांतून रक्त मिळत असल्यामुळे ते बहुधा वाचतात. म्हणून साखरेच्या पाल्सीत पापणी पडते, डोळा वळतो, पण बाहुली सहसा दुसऱ्या डोळ्याइतकीच राहते आणि उजेडात आकसते. याउलट, शेजारून जाणाऱ्या पोस्टीरिअर कम्युनिकेटिंग धमनीला फुगा आला, तर तो बाहेरून दाबतो आणि पहिला दाब पृष्ठभागावरच्या तंतूंनाच बसतो. बाहुली मोठी होते आणि उजेड टाकला तरी हलत नाही. अशा फुग्याला एन्युरिझम म्हणतात. तो मज्जातंतूवर दाब देऊ लागला याचा अर्थ तो वाढत असण्याची शक्यता आहे, आणि तो फुटला तर मेंदूभोवती होणारा रक्तस्राव अनेकदा जिवावर बेततो. फुटण्यापूर्वी सापडला तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून तार नेऊन कॉइलने भरता येतो किंवा शस्त्रक्रियेने क्लिप लावून बंद करता येतो. पडलेली पापणी ही काही वेळा निसर्गाने दिलेली एकमेव आगाऊ सूचना असते.

मग बाबांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या असूनही मी तुम्हाला बांबोळीला का पाठवले, असा प्रश्न तुम्ही फोनवर केला होता. वैद्यकाच्या पुस्तकांत "बाहुली वाचली म्हणजे फुगा नाही" असा जो नियम सांगितला जातो, त्याला अटी आहेत आणि त्या बऱ्याचदा विसरल्या जातात. पापणी पूर्ण पडलेली असेल, डोळा आत, वर आणि खाली अजिबात हलत नसेल आणि तरीही बाहुली अगदी ठणठणीत असेल, तरच त्या नियमावर विसंबता येते. पापणी अर्धी पडली आहे, डोळा थोडा हलतो आहे, अशा अर्धवट अवस्थेत फुग्यानेही सुरुवातीला बाहुलीला हात लावलेला नसतो आणि पुढच्या काही दिवसांत तो लावतो. दुसऱ्या बाजूने, साखरेच्या पाल्सीतही काही जणांची बाहुली साधारण एक मिलिमीटरपर्यंत मोठी झालेली आढळते. दुखण्यावरूनही निवाडा करता येत नाही. फुग्याचे दुखणे पुष्कळदा तीव्र असते हे खरे, पण तुमच्या बाबांसारखे भुवईवरचे दुखणे साखरेच्या पाल्सीतही सर्रास होते. बाबांचा डोळा खाली थोडा हलत होता, म्हणजे पाल्सी अपूर्ण होती. शिवाय पहिल्या तपासणीत पडदा पाहण्यासाठी थेंब घातले गेले. त्या थेंबांनी दोन्ही बाहुल्या काही तासांसाठी मोठ्या होतात, आणि त्यापूर्वी त्या कशा होत्या याची नोंद तुमच्या कागदावर कुठेच नव्हती. हा दोष मी कोणावर ठेवत नाही. उमेदीच्या काळात मीही थेंब आधी आणि बाहुली नंतर अशी चूक केली आहे आणि त्या रुग्णाच्या घरी रात्री फोन करून क्षमा मागितली आहे. पण पापणी पडलेला माणूस समोर आला की थेंबाची बाटली उघडण्याआधी टॉर्च पेटवावी, हे रुग्णांनीही डॉक्टरांना विनयाने सांगायला हरकत नाही.

तुमच्या मामेभावांना एक गोष्ट जरूर सांगा. "मेंदूचे स्कॅन" हा शब्द पुरेसा नाही. रक्तवाहिन्या न दाखवणारा साधा सीटी अशा फुग्याला सहज चुकवू शकतो आणि "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून घरचे निर्धास्त होतात. रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते. तिच्यात तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगा सहसा दिसतो, आणि अहवाल पाहणारी नजर अनुभवी असली तर अधिक खात्री होते. सीटीसाठी शिरेतून औषध सोडतात, म्हणून मधुमेहाच्या रुग्णाने किडनीचा ताजा अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. बांबोळीच्या गोमेकॉत न्यूरोलॉजी, न्यूरोसर्जरी आणि नेत्रविभाग एकाच आवारात असल्याने अशा रुग्णाला इकडून तिकडे फिरावे लागत नाही. मोठी बाहुली, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे किंवा गुंगी यांपैकी काहीही सोबत असेल, तर दुचाकीवर मागे बसवून न नेता १०८ ला फोन करावा.

गावातल्या अर्धांगवायूबद्दल. चेहऱ्याचा लकवा सातव्या मज्जातंतूचा असतो आणि त्यात डोळा मिटत नाही. बाबांचा डोळा उघडत नाही. उघडणे तिसऱ्याचे काम, मिटणे सातव्याचे. हात-पाय दुबळे होणारा झटका हा आणखी वेगळा प्रकार. मध्यमेंदूतच रक्तपुरवठा तुटला तर एका बाजूची पापणी आणि दुसऱ्या बाजूचे हातपाय असे दोन्ही एकदम जाऊ शकतात, किंवा हाताला कंप सुटतो. बाबांच्या हातापायांत ताकद पूर्ण आहे, बोलणे स्पष्ट आहे, म्हणून तो प्रकार इथे नाही. दिश्टीबद्दल मी वाद घालणार नाही. मीठ-मिरची ओवाळायला पाच मिनिटे लागतात आणि वहिनींच्या मनाला बरे वाटते. ती पाच मिनिटे बांबोळीच्या वाटेवरची नसली म्हणजे झाले.

इतर कारणे तुम्हाला लागू नाहीत, पण हे सदर वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी लागू असतील. मधुमेहाच्या रुग्णाला पापणी पडण्यासोबत नाकातून काळसर स्राव, गाल बधिर होणे, चेहऱ्यावर सूज किंवा तोंडातल्या टाळूवर काळा डाग दिसला, तर म्युकरमायकोसिसची शंका घ्यावी. २०२१ मध्ये कोरोनानंतर या बुरशीने देशभर किती डोळे नेले ते आपण पाहिले आहे. इथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. डोके आपटल्यानंतर बेशुद्ध होत चाललेल्या माणसाची एक बाहुली मोठी होऊ लागली, तर कवटीत रक्त साचून मेंदू खाली सरकतो आहे असे समजावे, आणि हे मी हेल्मेट हँडलला अडकवून फिरणाऱ्या आपल्या दुचाकीस्वारांना उद्देशून मुद्दाम लिहितो आहे. पिट्युटरी ग्रंथीत अचानक रक्तस्राव, कॅव्हर्नस सायनसमधली गाठ किंवा दाह, क्षयाचा मेंदूज्वर ही आणखी काही कारणे. त्यांत तिसऱ्याबरोबर शेजारचे मज्जातंतूही बहुधा दुखावतात, नजर कमी होते किंवा कपाळ बधिर होते. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला कानशिलाजवळ दुखणे आणि घास चावताना जबडा थकणे असे होत असेल, तर रक्तवाहिनीच्या दाहासाठी ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या तातडीने व्हाव्यात. लहान मुलात हा आजार क्वचितच होतो, पण झालाच तर मिटलेल्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू नये म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे लवकर जावे.

दोन सोंगे मात्र ओळखून ठेवावीत. एक मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, ज्यात पापणी सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी लोंबते, दुहेरी दिसणे येते-जाते, आणि बाहुलीला कधीच बाधा होत नाही. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ धरल्यावर ती वर आली तर निदानाला बळ मिळते. दुसरे सोंग आपल्या अंगणातले. चवथीच्या पत्रीत धोतऱ्याची पाने असतात. ती खुडून हात न धुता डोळा चोळला की त्याच्या रसाने बाहुली भली मोठी होते आणि जवळचे वाचता येत नाही. पापणी पडलेली नाही, डोळा सगळीकडे हलतो, नुसती बाहुली मोठी आहे आणि माणूस हिंडता-फिरता आहे, तर तिसऱ्या मज्जातंतूपूर्वी धोतऱ्याची आणि डोळ्यात घातलेल्या थेंबांची चौकशी करावी.

आता बाबांच्या पुढच्या दिवसांविषयी. साखरेची पाल्सी पहिल्या आठवड्यात थोडी वाढू शकते, घाबरू नका. पण त्या आठवड्यात रोज सकाळी आणि संध्याकाळी बाहुल्या तपासा. आपल्याकडे बुबुळ गडद असल्यामुळे समोरून फरक कळत नाही. टॉर्च डोळ्यावर रोखण्याऐवजी कानशिलाच्या बाजूने तिरपा धरा आणि फोटो मोठा करून पाहा. दुखावलेल्या तिसऱ्या मज्जातंतूत दोन बाहुल्यांतला फरक भर उजेडात अधिक दिसतो. फरक जाणवला तर पूर्वीचा अहवाल हातात धरून बसू नका, पुन्हा जा.

पापणी चिकटपट्टीने वर बांधून ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा. झोपेत डोळा मिटताना बुबुळ वर जाऊन सुरक्षित होते, बाबांचे ते वर जाणेच बंद आहे, म्हणून उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळावर जखम होते. पापणी आपोआप उचलू लागली की दोन दिसणे पुन्हा सुरू होईल आणि बाबांना वाटेल की आजार उलटला. तेव्हा चष्म्याच्या उजव्या काचेवर पांढरी अर्धपारदर्शक पट्टी लावा, एवढे पुरते. बी-१२ ची इंजेक्शने अनेक ठिकाणी सवयीने दिली जातात. रक्तात कमतरता असेल तर जरूर घ्यावीत, पण त्यांनी पापणी लवकर उघडते असे मी कधी पाहिले नाही. स्टिरॉइड मनाने घेऊ नये, साखर भडकते. ॲस्पिरिन सुरू करण्याचा निर्णयही डॉक्टरांचाच. खरा उपचार म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), जी तुम्ही फोनवर ९.४ टक्के सांगितलीत, ती हळूहळू खाली आणणे, रक्तदाब आवरणे आणि जेवणानंतरची तपकीर सोडणे. हा आजार पुढे कधी दुसऱ्या डोळ्यालाही होऊ शकतो, म्हणून पापणी उघडल्यावर पथ्य सोडायचे नसते.

गाडीबद्दल कटू उत्तर देतो आहे, ते बाबांना वाचून दाखवा. दोन दिसत असताना मोटारसायकल चालवू नये, हे तर उघडच आहे. पट्टी लावून एका डोळ्याने चालवणेही आता नको, कारण ज्याचे दोन डोळे कालपर्यंत एकत्र काम करत होते, त्याला एका डोळ्याने समोरच्या बसचे अंतर आणि उजवीकडून येणारी गाडी नीट उमगत नाही. स्वतःपुरता धोका पत्करणे वेगळे, मागे बसलेल्या गिऱ्हाइकाचा जीव वेगळा. घर चालायला हवे हे मला कळते. स्टँडवरच्या पायलटांशी बोलून गाडी काही महिने दुसऱ्याला रोजावर देता येते का, ते पाहा. सगळ्या दिशांना एकच दिसू लागल्यावर नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेऊन मगच हँडल हाती घ्यावे.

रक्तपुरवठा तुटल्यामुळे झालेली ही पाल्सी बहुतेकांत तीन महिन्यांच्या आत पूर्ण बरी होते, म्हणजे तुमच्या पहिल्या डॉक्टरांचा अंदाज चुकीचा नव्हता. थांबण्यापूर्वी खात्री करणे तेवढे राहिले होते. दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळी, समोर, वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे पाहतानाचे पाच फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी डोळा निम्म्यावरच अडकलेला असेल, किंवा नाकाकडे अथवा खाली पाहताना पापणी विचित्रपणे वर उडू लागली असेल, तर ते फोटो घेऊन परत जा. पापणीची ही उडी मज्जातंतूचे धागे वाढताना चुकीच्या स्नायूला जोडले गेल्याची खूण आहे. ती मार लागल्यानंतर किंवा बाहेरून दाब असताना दिसते, साखरेच्या पाल्सीत दिसत नाही. ती दिसली तर निदान बदलेल आणि एमआरआय नव्याने करावा लागेल. उरलेल्या तिरळेपणाची शस्त्रक्रिया सहा महिने वाट पाहून, डोळा एका जागी स्थिर झाल्यावरच करतात.